न चाखलेला आईस टी

टिटवाळ्याच्या गणपतीपुढे सगुणाबाई नवस बोलल्या तेव्हा थोडी घाईच झाली, असं आता त्यांचं स्वतःचंही मत आहे. बाकीच्या बाया विचार करून बोलतात. कुणी वांगं सोडतं, कुणी पडवळ सोडतं. रांगेत त्यांच्या पुढे उभी असलेली बाई तर फणस सोडून मोकळी झाली होती, तोही ऐन मार्गशीर्षात. सगुणाबाईंचा नंबर लागला, मागून "चला, पुढे चला" सुरू झालं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "देवा, माझ्या मयूरचं लग्न ठरू दे. ठरेपर्यंत मी चहा तोंडात घेणार नाही."

दिवसाला सहा कप पिणारी बाई! (सातवा त्या उभ्याने प्यायच्या, म्हणून मोजत नसत.) गाभाऱ्याबाहेर आल्यावर दत्तारावांनी, म्हणजे यजमानांनी, विचारलं, "चहा घ्यायचा का?" तेव्हा कुठे आपण काय करून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं.

त्याला दोन वर्षं चार महिने झाले. मयूर मुलगा सोन्यासारखा, नोकरी पक्की, दिवा स्टेशनजवळ स्वतःचा फ्लॅट. पण तिथेच घोडं अडायचं. "मुलगा छान आहे हो, पण दिवा? पाणी एक दिवसाआड?" असं म्हणून तीन घरांनी नकार कळवला होता. सगुणाबाईंनी देवाला दोष दिला नाही. देवाला टिटवाळ्याला पाणी रोज येत असेल, त्याला आपली अडचण उशिरा समजेल, एवढंच त्या म्हणायच्या.

आणि मार्च महिन्यात डोंबिवलीची मृणाल आली. मयूरला आवडली, मयूर तिला आवडला. मुलीला वडील नव्हते. होकार-नकार सगळा आईच्या, कुमुदताईंच्या हातात. रविवारी चार वाजता त्या लेकीला घेऊन घर बघायला येणार होत्या. शनिवारी त्यांचा फोन आला.

"सगुणाताई, खायचं काही मोठं करू नका. आणि चहा तर नकोच हं. आमच्याकडे हल्ली तो फळांचा आईस टी चालतो. मृणाल मस्त करते."

इथे सगुणाबाईंनी "बरं" म्हणून फोन ठेवायला हवा होता. पण माणूस आशेवर असलं की जीभ पुढे धावते.

"अय्या, आमच्याकडेही रोज तोच!" त्या म्हणाल्या.

फोन ठेवला आणि त्यांनी पहिल्यांदा देवापुढे हात जोडून माफी मागितली. मग मयूरला विचारलं, "अरे, आईस टी म्हणजे काय असतं?"

मयूरने मोबाईलवर एक व्हिडिओ लावून दिला. त्यातली बाई पीच नावाचं फळ कापत होती. स्टेशनबाहेरच्या फळवाल्याने पीच हा शब्द ऐकून सगुणाबाईंकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांनी गुपचूप दोन अननस घेतले.

रविवारी जेवणं उरकली आणि त्या कामाला लागल्या. अननसाचा रस काढला, साखर घातली, लिंबू पिळलं. दुसरीकडे चहाची पावडर घालून पाणी खळखळा उकळलं, जसं तीस वर्षं उकळत आल्या तसं. (व्हिडिओतली बाई "उकळू नका" म्हणाली होती. पण न उकळलेला चहा पाहुण्यांना द्यायचा म्हणजे काय, आपण काय कंजूष आहोत?) दोन्ही एकत्र केलं. रंग तर सुरेख आला. आता कुमुदताई "वा" म्हणतील, मृणाल मयूरकडे बघून हसेल, मग सुपारी फुटेल... हे सगळं डोळ्यांपुढे चाललेलं असताना त्यांच्या उजव्या हाताने ओट्यावरचं दुधाचं पातेलं उचललं आणि सवयीने चहात ओतलं.

एका क्षणात पातेल्याचं रूप पालटलं. अननस, लिंबू आणि वर दूध! ढगांसारखे गोळे वर आले आणि खाली तपकिरी पाणी राहिलं.

"अहो!" सगुणाबाईंचा आवाज ऐकून दत्ताराव धावत आले. त्यांनी पातेल्यात डोकावलं.

"पनीर करतेयस का?"

"आईस टी आहे तो!"

"असं असतं होय," दत्ताराव म्हणाले, आणि भीत भीत एक पाऊल मागे सरले.

पावणेतीन वाजले होते. अननस संपले होते. पाण्याचा आज वार नव्हता, प्यायच्या पाण्याची शेवटची कळशी त्या पातेल्यात गेलेली. ओतून द्यायचं तर पाहुण्यांपुढे ठेवायचं काय? सगुणाबाईंनी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं, आणि श्रीखंडाचा चक्का बांधायचा स्वच्छ पंचा काढला. सगळा रामरगाडा त्यात ओतून नळाला बांधला. (नळ रिकामाच होता, काहीतरी उपयोग झाला.) खाली पडलं ते आधी गढूळ होतं. त्यांनी ते पुन्हा त्याच चोथ्यावरून ओतलं. मग पुन्हा. आणि तिसऱ्या वेळी पंच्यातून जे ठिबकू लागलं ते पाहून त्या बघतच राहिल्या. काचेसारखं नितळ, मधासारखं सोनेरी!

पण चव?

चहा होता तो. थंड असो, गाळलेला असो, पावडर चहाचीच होती. नवस म्हणजे नवस. त्यांनी दत्तारावांना एक चमचा दिला.

"कसं आहे?"

दत्तारावांनी बराच वेळ जीभ फिरवली. "वाईट नाहीये," ते म्हणाले. "पण मी मागे तुझ्या करपलेल्या भातालाही असंच म्हणालेलो."

हे प्रमाणपत्र घेऊन बसण्यात अर्थ नव्हता. सगुणाबाई वाटी घेऊन समोरच्या दारी गेल्या. बिट्रिस डिमेलो म्हणजे खरं बोलणारी बाई. पाव कडक असेल तर पाववाल्याला तोंडावर सांगणारी.

"बिट्रिस, एवढं चाखून सांग गं."

"गोड आहे काय?"

"आहे ना."

"मग नाय जमणार, वहिनी. लेंट चाललाय. ईस्टरपर्यंत गोड सोडलंय मी." तिने वाटीत डोकावलं, डोळे मिटून वास घेतला आणि खोल उसासा टाकला. "वास एकदम फर्स्ट क्लास येतोय गं. घेऊन जा, माझ्यासमोर धरू नकोस."

म्हणजे मजल्यावरच्या दोन जाणत्या जिभांपैकी एक टिटवाळ्याला गहाण आणि दुसरी चर्चमध्ये.

चारला पाच कमी असताना बेल वाजली. मयूर स्टेशनवरून दोघींना घेऊन आला होता. मृणाल हसरी होती. कुमुदताई उंच, नीटनेटक्या, आणि घराकडे अशा बघत होत्या की सगुणाबाईंना वाटलं, आता बाथरूममधली पाण्याची पिंपं मोजणार. त्यांनी पिंपं खरंच बघितली.

ग्लास आले. बर्फ खुळखुळला. कुमुदताईंनी एक घोट घेतला आणि थांबल्या. दुसरा घेतला. सगुणाबाई तेवढ्यात मनाने टिटवाळ्याला जाऊन आल्या.

"हे तुम्ही केलंत?" कुमुदताईंनी विचारलं.

"हो... म्हणजे... झालं."

"इतका स्वच्छ? मृणाल, बघ गं, आपला कसा गढूळ होतो. आणि अजिबात तुरट नाही!" त्यांनी ग्लास उजेडात धरला. मयूरचा चेहरा खुलला. दत्ताराव तर स्वतःच केल्यासारखे मान डोलावू लागले. मग कुमुदताईंचं लक्ष ट्रेकडे गेलं. "सगुणाताई, तुमचा ग्लास कुठाय?"

"मी घेईन नंतर."

"छे, नंतर कसला! तुमचा तर रोजचाच ना? घ्या बरं." आणि त्यांनी मृणालला स्वयंपाकघरात पाठवून एक भरलेला ग्लास सगुणाबाईंच्या हातात दिला.

सगळे त्यांच्याकडे बघत होते. प्यायल्या तर नवस मोडणार, देव रागावणार, लग्न मोडणार. न प्यायल्या तर कुमुदताई म्हणणार, स्वतः का पीत नाही ही बाई, आम्हाला काय पाजलंय? म्हणजे लग्न मोडणार. सगुणाबाईंनी ग्लास ओठांपर्यंत नेला. परत खाली आणला. पुन्हा नेला.

"आई, पी ना," मयूर दबक्या आवाजात म्हणाला. "काय करतेयस?"

आणि त्यांचा बांध फुटला.

"मी खोटं बोलले हो कुमुदताई! आमच्याकडे हा कधीच झालेला नाही. आज पहिल्यांदा केला, त्यातही दूध पडलं, ते फाटलं, मग पंच्याने गाळलं. आणि मला तो चाखता येत नाही. टिटवाळ्याला बोललेय मी. याचं ठरेपर्यंत चहा तोंडात घेणार नाही म्हणून. दोन वर्षं चार महिने झाले!"

मयूरने कपाळाला हात लावला. कुमुदताईंनी ग्लास हळूच खाली ठेवला. त्यांचा चेहरा कसानुसा झाला होता. सगुणाबाईंनी मनातल्या मनात चौथा नकार लिहून घेतला.

"टिटवाळा?" कुमुदताईंनी विचारलं.

"हो."

"मी पण."

"काय?"

"मी पण तिथेच बोलले. मृणालचं ठरेपर्यंत चहा सोडला. पण मी..." कुमुदताईंनी पदर सावरला. त्या चक्क लाजल्या होत्या. "मी फक्त गरम चहा म्हटलं होतं."

"आई!" मृणाल ओरडली. "म्हणून हे आईस टीचं खूळ होय! मला म्हणालीस डॉक्टरांनी सांगितलंय!"

मग जे हसू फुटलं ते थांबेचना. कुमुदताईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पाण्याचं मी खरंच मनात धरून आले होते. पण फाटलेलं दूध जी बाई फेकत नाही, तिच्या घरात माझी लेक नक्की निभेल. ठरलं म्हणा, सगुणाताई, डिसेंबरात बार उडवू. आणि आता आधण ठेवा. गरम!"

दत्ताराव बिट्रिसकडे दूध आणि पाणी मागायला धावले. बिट्रिस दोन्ही घेऊन स्वतःच आली. गॅसवर आलं-वेलची घातलेला चहा उतू जायला आला. दोन वर्षं चार महिन्यांनी सगुणाबाईंनी स्वतःसाठी कप काढला, मोठा. पण आधी देवाचं. डोळे भरून आले होते. देव्हाऱ्यापुढे उभ्या राहून त्यांनी हात जोडले.

"ठरवलंस रे बाबा. आता डिसेंबरात लग्नही निर्विघ्न पार पाड. तोपर्यंत मी चहा तोंडात..."

त्या थांबल्या. पण शब्द तर निघून गेले होते. मागे उभ्या सगळ्या घराने ते ऐकलं होतं.

मोठा कप दत्तारावांनी घेतला. कुमुदताईंनी आपला फुर्र करून संपवला आणि दुसरा मागितला.

बिट्रिस सगुणाबाईंच्या खांद्यावर हात ठेवून हसत होती. तिचा मुलगा डिलन छत्तीसचा झाला होता, अजून ठरत नव्हतं. सगुणाबाईंनी वाफेकडे पाहत नाक पुसलं आणि तिचा हात हातात घेतला.

"हसू नकोस. गुण येतो, डोळ्यांनी बघितलंस ना? डिलनसाठी तूही असंच काहीतरी सोड, माझं ऐक. फक्त बोलायच्या आधी एक कप पिऊन घे."