वडिलोपार्जित कंप

घड्याळजींच्या चिमट्यातून बारीकसा स्क्रू निसटला आणि फरशीवर कुठेतरी गडप झाला. तो शोधायला ते वाकलेच नाहीत. उजव्या हाताकडे टक लावून बसून राहिले. आदल्याच आठवड्यात त्यांना पन्नास पूर्ण झाली होती. वडिलांचा हात पन्नाशीलाच थरथरू लागला होता. आजोबांचाही.

"रक्तातच आहे आमच्या," घरी येऊन ते बायकोला म्हणाले.

"अहो, एक स्क्रू पडला तर एवढं काय!"

पण शंकेचं भूत मानगुटीवर बसलं ते बसलंच. रोज सकाळी ते तळहातावर काठोकाठ भरलेला पेला ठेवून बघत. पाणी सांडे. सांडलं म्हणून झोप उडे, झोप उडाली म्हणून हात आणखी कापे. दाढी करताना गाल कापला. चौथ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या घड्याळाची काच फुटली, तेव्हा त्यांनी कॉलेजातल्या लेकीला आणून स्टुलावर बसवलं.

"शीक बाई. आता तूच."

"बाबा, माझी परीक्षा आहे!"

"परीक्षा माझी चाललीय!"

शेवटी बायकोने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. घरातल्या आजारांची माहिती द्यायला ऐंशीच्या सासूबाईंनाही सोबत घेतलं.

"आणखी कुणाला होता हा त्रास?" डॉक्टरांनी विचारलं.

"वडिलांना," घड्याळजींचा आवाजही कापला. "म्हणून तर मी शिक्षण सोडून दुकानात बसलो."

"कंप कसला डोंबलाचा!" आई म्हणाली. "तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून कंटाळले होते ते. दुकानात थरथरायचे आणि घरी मला सुईत दोरा ओवून द्यायचे."

"आणि आजोबा?"

"त्यांनीच तर शिकवलं!"

"आई! मला कधी बोलली नाहीस!"

"बोलले असते तर तू बसला असतास दुकानात?"

डॉक्टरांनी हसू कसंबसं दाबलं. "तुम्हाला काही झालेलं नाही. नुसती काळजी आहे. झोपा भरपूर."

घड्याळजी तडक दुकानात आले. छातीवरचा धोंडा उतरला होता. हातही स्थिर होता. लेक जीभ दातांत धरून एका जुन्या घड्याळावर वाकली होती. तिने शेवटचा स्क्रू बसवला, आणि घड्याळ टिकटिकू लागलं.

"जमलं!" ती ओरडली. मग तिने घाबरतच विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर? हात कसाय?"

'ठणठणीत' हा शब्द घड्याळजींच्या अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात त्यांची नजर दुरुस्तीला आलेल्या घड्याळांनी भरलेल्या ट्रेवर गेली.

"उजवा बराय गं," ते खोल आवाजात म्हणाले.

आणि आजवर कधीही न कापलेला त्यांचा डावा हात हलकेच थरथरू लागला.