शून्य टक्के नक्कल

"तुमचा मशीन आमच्या सगळ्या विद्यार्थ्यांना चोर म्हणतो," फादर कुरियन फोनवर शांतपणे म्हणाले. केरळहून पुण्यात येऊन त्यांना वीस-बावीस वर्षं झाली होती. मराठी छान बोलत, फक्त त्यांच्या मराठीत सगळं जग पुल्लिंगी होतं.

योगेश वानखडेने कपाळाला हात लावला. हिंजवडीतल्या त्याच्या छोट्या कंपनीने प्रबंधांमधली नक्कल पकडणारं सॉफ्टवेअर बनवलं होतं. हिरवं म्हणजे स्वतःचं, लाल म्हणजे ढापलेलं. विश्रांतवाडीच्या पुढे मठवासी कॅथलिक संघाचं एक धर्मविद्यापीठ होतं, तिथे ते नुकतंच बसवलं होतं. फादर कुरियन तिथले प्रमुख. योगेशची नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि हे त्याचं पहिलंच एकट्याने सांभाळायचं काम.

"जाऊन ये," त्याच्या टीम लीड प्रियदर्शनी मॅडम स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या. त्या नारायण पेठेतल्या. "आणि निस्तरूनच ये. अर्धवट निस्तरलेलं आपल्याकडे आधीच पुष्कळ आहे."

दोन बस बदलून योगेश पोचला आणि पहिला प्रबंध उघडून बघतो तर पानंच्या पानं लाल. सगळी बायबलमधली अवतरणं. त्याने बायबल वगळलं. तरी लाल. मग संतांची वचनं निघाली. ती वगळली. मग धर्मपरिषदांचे ठराव निघाले. तेही वगळले. लाली थोडी उतरली, पण गेली नाही.

"फादर, कोणी काही नवीन लिहीतच नाही काय?" योगेश वैतागून म्हणाला. अमरावतीचा माणूस, पोटात ठेवायची सवय नव्हती.

"नवीन?" फादर कुरियन यांनी चष्मा वर केला. "दोन हजार वर्षांत सांगायचा काय राहिला आहे? इथे कोणी नवीन बोलला, तर आम्ही आधी त्याला बोलावून घेतो."

मॅडमना फोन करून त्याने परिस्थिती सांगितली. त्या म्हणाल्या, "बायबलची चोरी पकडलीस. छान. आता पंचांग घे तपासायला."

दुसऱ्या दिवशी मात्र एक प्रबंध हिरवागार निघाला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लाल ठिपका नाही. नक्कल शून्य टक्के. ब्रदर वैजनाथ यांचा 'पापक्षमा' या विषयावरचा प्रबंध, त्या वर्षीचा एकमेव मराठी. योगेशला भरून आलं. निदान एक तरी पोरगा आपल्या डोक्याने लिहितो. तो धावतच फादर कुरियन यांच्याकडे गेला.

फादरांचा चेहरा उतरला.

"शून्य? बायबलपण नाही?"

"काहीच नाही फादर. सगळं त्याचं स्वतःचं."

"अरे देवा," फादर खुर्चीत बसले. "पुढच्या महिन्यात तो फादर होणार, त्याचा दीक्षाविधी आहे."

त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी वैजनाथच्या मार्गदर्शकांना बोलावलं. फादर लोपीस वसईचे, सत्तरीचे, गेली कित्येक वर्षं मराठीतून पापक्षमाच शिकवणारे.

"मी वाचलाय तो," लोपीस म्हणाले. "मला तर चांगला वाटला."

"तुम्हाला चांगला वाटला आणि त्यात बायबलचा एक शब्द नाही," कुरियन म्हणाले. "म्हणूनच काळजी वाटतो."

लोपीस गोंधळले. आपण वाचलं ते खरं की यंत्राने वाचलं ते खरं, असा प्रश्न त्यांना पडला. वयाचा विचार करून त्यांनी यंत्राच्या बाजूने कौल दिला.

वैजनाथला बोलावणं गेलं. जालन्याकडचा सरळ पोरगा, हात बांधून उभा राहिला. गावात मंडप ठरला होता, आईने सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं.

"या प्रबंधात तुझा स्वतःचा किती आहे?" कुरियन यांनी विचारलं.

"काहीच नाही, फादर."

"खरा सांग."

"खरंच काही नाही. माझी काय लायकी?"

"मशीन म्हणतो सगळा तुझा आहे."

वैजनाथ रडवेला झाला. त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं की आपण शिकवलेलंच लिहिलं. जितकं तो नाकारी, तितकी फादरांची शंका घट्ट होई. दुपारी चौकशी समिती बसायची ठरली. योगेशला कोपऱ्यात उभं राहवेना. आपण पोराचं कौतुक करायला आलो आणि त्याच्या दीक्षेवर पाणी फिरवून बसलो.

तो परत संगणकाशी गेला आणि पहिल्यांदाच, टक्केवारी सोडून, यंत्राने नेमकं काय वाचलंय ते त्याने उघडलं. मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरं, कंस, उद्गारचिन्हं, नुसती खिचडी. योगेशच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. प्रबंध जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला होता. कागदावर मराठी दिसायचं, पण यंत्राच्या पोटात कचरा. आणि तसला कचरा जगात दुसऱ्या कोणी लिहिलेला नव्हता.

तो पळत सुटला. जेवणघराचं दार ढकललं तर पन्नास-साठ माणसं खाली मान घालून जेवत होती आणि एक ब्रदर कुठल्याशा संताचं चरित्र वाचत होता. मठाच्या मौनाची वेळ.

"फादर, फाँट..." योगेशने तोंड उघडलं. पन्नास-साठ माना वर झाल्या. फादर कुरियन यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि शेजारची खुर्ची दाखवली. कोणीतरी वरणभात वाढला. योगेशने हातवारे केले. फादरांना वाटलं लोणचं हवंय. त्यांनी बरणी सरकवली. समोर वैजनाथ भात चिवडत होता. योगेश वाचणाऱ्या ब्रदरच्या हातातली उरलेली पानं मोजत राहिला, आणि संत काही केल्या मरत नव्हता.

शेवटी घंटा झाली. योगेशने एका दमात सगळं सांगितलं, दोन्ही फादरांना ओढतच संगणकापाशी नेलं, प्रबंध नव्या फाँटमध्ये बदलला आणि बटण दाबलं.

पडदा लालभडक झाला. सत्त्याण्णव टक्के नक्कल.

बायबल वगळूनही हे. एका संकटातून काढायला गेलो आणि पोराला रंगेहाथ चोरीत पकडून दिलं. त्याने हळूच मूळ स्रोत उघडला. जवळजवळ सगळं विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच्या फादर लोपीस यांच्या व्याख्यानांमधून उचललेलं होतं.

लोपीस वाकून वाचू लागले. बराच वेळ वाचत राहिले. मग त्यांनी रुमालाने डोळे पुसले.

"काना-मात्रासुद्धा बदललेली नाही," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत एक तरी पोरगा लक्ष देऊन ऐकत होता."

कुरियन यांनी वैजनाथच्या खांद्यावर हात ठेवला. "शाबास." मग योगेशकडे वळले. "उरलेला तीन टक्के काय आहे?"

"आभाराचं पान, फादर. आईचे आभार मानलेत."

"तो राहू दे," फादर मोठ्या मनाने म्हणाले.

संध्याकाळी विश्रांतवाडीच्या स्टॉपवर उभ्या असलेल्या योगेशला मॅडमचा फोन आला.

"निस्तरलं का?"

"हो मॅडम. पोरगा चोर निघाला."

"मग? काढून टाकला?"

"नाही. पुढच्या महिन्यात फादर होऊन राहिला."



"योगेश," मॅडम नेहमीपेक्षा बऱ्याच मऊ आवाजात म्हणाल्या, "तू घरी जा. उद्याही येऊ नकोस. जरा झोप काढ."