नागरवाड्याची गोलमेज परिषद

जगात समता आणायला लोकांना शंभर-शंभर वर्षं का लागतात, मला खरंच कळत नाही. मी ती एका दुपारीत आणणार होते. तीही चहाच्या आधी!

आमचं बडोद्याच्या नागरवाड्यातलं वनिता विचार मंडळ तुम्हाला ठाऊक नसेल. पण जगातली एकही मोठी भानगड आमच्या तावडीतून सुटलेली नाही. दर शनिवारी आमच्या ओटीवर आम्ही सातजणी जमतो. शेजारच्या भास्कररावांची सून दुर्गा वर्तमानपत्र वाचून दाखवते आणि आम्ही ठराव करतो. सगळ्या राष्ट्रांनी तोफा मोडीत काढाव्यात, हा ठराव श्रावणात एकमतानं मंजूर झाला. फक्त त्याखाली पहिली सही कोणाची, यावरून मंडळ दिवाळीपर्यंत बंद होतं!

कारण मान! बडोद्यात माणूस चहावाचून राहील, मानावाचून नाही. कुसुमावतीबाई सरदारांच्या घरच्या, म्हणून भिंतीकडची तक्क्याची जागा त्यांची. इंदिराबाईंचे यजमान हुजूर कचेरीत बडे अंमलदार, म्हणून तीच जागा त्यांचीही. तक्क्या एक, पाठी दोन!

अशात पुण्याच्या स्त्री-परिषदेचं बोलावणं आलं. मंडळातर्फे एकीनं यावं आणि ‘जगाची शांतता व स्त्रियांचे समान हक्क’ यावर बोलावं.

कोण जाणार? अर्थात मी! शाळेची पायरी मी चढलेले नाही, अक्षरं थोरल्याच्या पाटीवरून उचललेली. पण भाषण म्हणाल तर न्हाणीघरात म्हणून म्हणून असं पाठ केलं होतं, की आमचा बंबसुद्धा समान हक्क मागायला लागला असता.

जायचं दुर्गालाही होतं. बावीस वर्षांची पोर, मुलींच्या शाळेत शिकवते. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच कुंकू पुसलं गेलेलं. भास्करराव तसे वाईट नाहीत, पण लोकांना भिऊन असतात. म्हणाले, “मंडळातल्या सगळ्या हो म्हणाल्या तर खुशाल जा. एकीनं जरी नाक मुरडलं तरी विषय बंद.”

आमचं मंडळ आणि सगळ्या हो? तोफांवर आमचं एकमत होतं हो, माणसांवर नाही! मला दुर्गाची कीव आली. तिला पुण्याहून आठवणीनं काहीतरी आणायचं, असंही मी ठरवून टाकलं.

त्याच थंडीत विलायतेत गोलमेज परिषद भरली. गोल! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गोलाला टोक नाही. टोक नाही तर मानाची जागा नाही. मानाची जागा नाही तर मग माझा नंबर लागायला कोणाची हरकत?

आमचे हे सरकारी बग्गीखान्यात कारखानीस. त्यांना म्हटलं, “मला एक मोठं गोल मेज हवंय.”

“मेज? लाकडाचा भाव माहीत आहे?”

“तुमच्याकडे काही मोडीतलं नाही का?”

त्यांनी एका जुन्या बग्गीचं प्रचंड चाक आणवलं, आसासकट! गुजराती मिस्त्रीनं आस लाकडी ठोकळ्यात उभा रोवला, चाक गुडघाभर उंचीवर आडवं बसवलं आणि वर फळ्या ठोकल्या. मग बोट लावून पाहतो तो चाक गरगर फिरलं.

“बेन, आ तो फरे छे!” मिस्त्री मोराच्या पिसाऱ्यासारखा फुलला. “आवुं मेज तो लाटसाहेबने त्यां पण नथी!”

“अहो, पण ते ठोकून पक्कं करा ना!”

“खिलो मारुं तो शोभा जाय, बेन.” असं म्हणून तो शोभा राखून घरी गेला. भरीस भर म्हणून ह्यांनी आसाला सरकारी वंगण चोपडलं. करकरलं तर विचारात व्यत्यय येईल म्हणे!

शनिवारी सगळ्या आल्या. भोवती सारखे पाट. कुसुमावतीबाई बसल्या, इंदिराबाई बसल्या, आणि एक कुरकुर नाही! मी मेजावर चिवड्याच्या बशा, चहाचे पेले आणि चांदीचं तबक ठेवलं. तबकात कुंकवाचा करंडा आणि एकच विडा. आमची सगळी घरं जुन्या शिलेदारांची. मोहिमेवर जायचं तर विडा उचलायचा, ही आमची रीत. जी विडा उचलेल ती पुण्याला!

कुंकवाची वेळ झाली तशी दुर्गा चहाची किटली भरायला आत गेली. दरवेळी जाते. जा म्हणून कोणी सांगत नाही, आणि थांब म्हणूनही नाही.

“घ्या, कुसुमावतीबाई,” मी म्हटलं.

“छे, छे! इंदिराबाई शिकलेल्या. शिवाय मला पुण्याची थंडी बाधते,” म्हणत त्यांनी मेज अलगद ढकललं. तबक इंदिराबाईंपुढे.

“अगंबाई, मी कुठली? भाचीचं केळवण आहे माझ्याकडे. रखमाबाई, तुम्हीच उचला!”

रखमाबाई म्हणजे मी! हात शिवशिवत होते. पण पहिल्याच आग्रहाला जेवायला बसणारी बाई आमच्यात हावरट ठरते. तीनदा ‘नको’ म्हणायचं, चौथ्याला ‘तुम्ही एवढं म्हणताच आहात तर’ म्हणून उठायचं.

“नको बाई! माझा घसा धरलाय,” म्हणत मी मेज ढकललं.

आपण किती निर्लोभी हे दाखवायचं तर जोर जरा जास्तच लागतो. कुसुमावतीबाईंनी माझ्याहून जोरात ढकललं. इंदिराबाईंनी त्यांच्याहून. बाकीच्याही “मला कुठं जमतंय!” म्हणत हात लावू लागल्या. आणि सरकारी वंगण! तबक माझ्यापुढून गेलं, पुन्हा गेलं, मग दिसेनासंच झालं! चिवडा चहूकडे उडाला. एक पेला इंदिराबाईंच्या मांडीवर उतरला. करंडा उलटून मेज लालेलाल झालं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं दुर्गानं वाचून दाखवलं होतं, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं!

“धरा! अहो, धरा कोणीतरी!”

“आधी तुम्ही धरा!”

दुर्गा धावत बाहेर आली. किटली खाली ठेवली आणि मेजावर हात दाबून धरला. मेज थांबलं. तबक नेमकं तिच्यापुढे.

“विडा कोणालाच नको?” तिनं विचारलं.

खरंच विचारलं हो! त्या पोरीला लग्नानंतर कोणी कशाचा दुसऱ्यांदा आग्रह केला नव्हता. आमच्या ‘नको’चा अर्थ तिला कुठून कळणार?

आम्ही सगळ्या पदरावरचा चिवडा वेचू लागलो.

“मग मी जाते.” तिनं विडा उचलला. तळहात कुंकवानं भरला होता. तो पदराला पुसायला तिनं पदर धरला, आणि तसाच सोडून दिला.

“अगं, पण—” इंदिराबाई.

“काकू, तुमच्याकडे केळवण आहे ना?”

“आहे... आहे की.”

“आणि बाईसाहेबांना थंडी बाधते.”

कुसुमावतीबाई क्षणभर तिच्याकडे पाहत राहिल्या आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की नथीतला चिवडा खाली पडला. “जा पोरी! माझी शाल घेऊन जा. मला बाधते तशी तुलाही बाधेल.”

“मग मामंजींना सांगू? सगळ्यांचा होकार?”

एकेकीचा होकार आला. माझा येईना! न्हाणीघरातलं अख्खं भाषण घशात आडवं झालं होतं.

“मावशींचा घसा धरलाय,” दुर्गा म्हणाली. “त्यांनी मान हलवली तरी चालेल.”

हलवली! आणि ती विडा धरून दाराबाहेर पळाली तेव्हा, काय सांगू, आपसूक आणखी दोनदा हलली.

दुर्गा पुण्याला गेली, बोलली, नाव काढून आली. मी मात्र कानाला खडा लावला. आता आग्रहाची वाट पाहायची नाही! ती परतल्यावर सभा भरली. तिनं तिकडचं सगळं रंगवून सांगितलं, ऐकता ऐकता चहा झाला, आणि शेवटी ती म्हणाली, “आता एवढंच राहिलं. कोण—”

“मी!” मी पाटावरून उठलेच.

ओटीवर शांतता पसरली. जगाची शांतता म्हणतात ती हीच असावी.

“—पेले विसळणार, असं विचारत होते, मावशी.”

आणि खरं सांगते, त्या वेळी एकीनंही “छे, छे, आधी आम्ही!” म्हटलं नाही!