टिकल्यांच्या पिस्तुलाबाबत लिक्सलिपचं धोरण

समाज किती सुरक्षित आहे, हे त्याच्याकडे शस्त्रं किती आहेत यावरून नव्हे, तर समित्या किती आहेत यावरून ठरतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयर्लंडमधल्या लिक्सलिप गावच्या रविवारच्या मराठी शाळेत शस्त्र एक होतं आणि समित्या तीन.

शस्त्र क्षितिजाचं. वय वर्षं नऊ. आदल्या वर्षीची दिवाळी झूमवर गेल्यामुळे दिवाळीच्या नाटुकल्यातली इन्स्पेक्टरची भूमिका तिला वर्षभर थांबून मिळाली होती. सांगलीच्या आजीने फराळाच्या डब्यातून टिकल्यांचं पिस्तूल पाठवलं. (टिकल्या कुरियरवाल्याने सांगलीतच काढून घेतल्या.)

शाळा चालवणाऱ्या पद्मजाताईंनी तत्काळ बंदी मागितली. “आज पिस्तूल आणलं, उद्या काय आणतील?” असं त्यांनी विचारलं. उद्या सोमवार असल्याने शाळाच नव्हती.

पालकांपैकी शैलेंद्र वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. तो म्हणाला, “बंदी घातली की मुलं लपवून आणतात. त्यापेक्षा सुरक्षित हाताळणी शिकवू.”

बंदीवर व्हॉट्सअ‍ॅपवरून पालकांचं मत घेतलं. नऊ बाजूने, नऊ विरुद्ध. चौघांना मेसेज पार्किंगबद्दल वाटला. त्यांचा विरोध सर्वांत तीव्र होता.

मग तज्ज्ञ बोलावले. शाळा भरते त्या हॉलची देखभाल करणारा डिक्लन शेतकरी आहे, त्याच्याकडे परवान्याची बंदूक आहे. त्याने पिस्तूल उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाला, “हे प्लॅस्टिकचं आहे.” (इतिवृत्तात नोंद: तज्ज्ञांमध्ये मतभेद.)

पुढच्या रविवारी मराठीचा तास रद्द करून शैलेंद्रने प्रात्यक्षिक घेतलं. मास्क, गॉगल, दोन मीटर अंतर आणि अकरा पानी कार्यपद्धती.

“काका, इट्स एम्प्टी,” क्षितिजा म्हणाली.

“प्रत्येक शस्त्र भरलेलं आहे असंच समजायचं,” शैलेंद्र म्हणाला आणि सहाव्या पानानुसार घोडा चढवताना त्याचा अंगठा घोड्याखाली सापडला. त्या क्षणी तो एक मराठी शब्द बोलला. शब्द अभ्यासक्रमात नव्हता.

अकराच्या अकरा मुलांनी तो एका दमात आत्मसात केला. ज्या मुलांना तीन वर्षं ‘बाळ’ म्हणता येत नव्हतं, त्यांचे उच्चार निर्दोष होते. शाळेच्या इतिहासातलं हे सर्वोत्तम शैक्षणिक यश.

पिस्तूल जप्त झालं. क्षितिजाने दोन दिवस आजीच्या फराळाला हात लावला नाही. नाटुकल्यात ती रिकाम्या हाताने उभी राहिली. चोर पळू लागला, तेव्हा तिने क्षणभर विचार केला आणि तो शब्द हाणला. चोर जागीच थांबला. पहिल्या रांगेतले दोन आजोबाही उठून उभे राहिले. टाळ्या मात्र तिलाच सर्वांत जास्त मिळाल्या. घरी जाताना ती गाडीत गाणी म्हणत होती.

चौथी समिती आता त्या शब्दावर बसली आहे. पद्मजाताईंना बंदी हवी आहे. शैलेंद्रचं म्हणणं, मुलं तो बाहेरून ऐकणारच, त्यापेक्षा शाळेत सुरक्षित वापर शिकवावा.

जबाबदारीचं भान ठेवून तो शब्द इथे दिलेला नाही. तरीही तो आत्ता तुमच्या मनात आला, आणि एक नव्हे, चार-पाच आले. एवढा साठा घरात मुलं असताना बाळगता, तर परवाना दाखवा.