मॅडमच्या गालावरचं बटन

“ऐकून तं राहिलो ना मॅडम! तीन दिवस झाले, ऐकूनच राहिलो! अन् पुन्हा कायले पयल्यापासून सुरू करता जी?”

मॅडम काही बोलली नाई. बोलनार कशी? मॅडम होती मोबाइलमंधी, अन् तिचं बोलनं कवाचंच भरून ठेवलेलं. पन हे गोविंदाले सांगन कोन? सांगनाऱ्याच्याच आंगावर तो धावून जाते.

गोविंदा पारशिवनीकडच्या खेड्यातला गडी, चौथी पास (मास्तरानं कटाळून पुढं ढकलला म्हून). रामदासपेठेतल्या एका मोठ्या हापिसाच्या गेटवर बारा वर्सांपासून गार्ड. पास नसन तं हापिसाच्या मालकालेबी अडवते, असा तिखट. त्याच्या गार्ड-कंपनीनं यंदा नवीनच खूळ काढलं. सुपरवायझर मधुसूदन साहेबानं फर्मान सोडलं, “आगीपासून बचावाचा ऑनलाइन कोर्स करा लागते. अकरा धडे, मंग परीक्षा. शनिवारलोक पास नाई झाला, तं गेट गेलं समज. शहराबाहेरच्या गोदामावर पाठवीन. तिथं कुत्रंबी सलाम नाई करत.”

गेट म्हनजे गोविंदाचा जीव. त्यानं मनावर घेतलं. शाळा म्हनजे शाळा. ड्युटीवरून आला की आंघोळ करे, इस्त्रीची वर्दी घाले, टोपी घाले, अन् मोबाइल तांदळाच्या डब्याले टेकवून समोर मांडी घालून बसे. मॅडम आपल्याले पाहून राहिली, हे त्याच्या डोस्क्यात पक्कं. बायकोले, सिंधूले, ताकीद देल्ली, “मॅडमच्या समोरून जाऊ नको वं. गॅसजवळच बस.”

सुरुची मॅडम पाच मिनिटं शिकवे. मंग थांबे अन् इचारे, “समजलं का?”

“हाव मॅडम, समजलं!” गोविंदा उभा राहून सांगे.

मॅडम नुसती हासत वाट पाहे. तेवढ्यात एक हिरवं बटन निघे, ‘पुढे जा’. ते दाबलं नाई की धडा पुन्हा पयल्यापासून. अन् बटन निघे कुठं? नेमकं मॅडमच्या गालावर.

आता सांगा, परक्या बाईच्या गालाले बोट लावनं हे मानसाचं लक्षन हाये का? तेबी वर्दीत? तेबी घरची बाई मांगं पोळ्या लाटून राहिली असताना? गोविंदा हात मांगं बांधून उभा राहे, अन् मॅडम पुन्हा “नमस्कार, पहिल्या धड्यात तुमचं स्वागत” म्हने. मंग गोविंदाचा भडका. शेजारच्या यमुताईले वाटे, ह्यायच्या घरी भांडकुदळ पाहुनी उतरली.

शुक्रवारलोक पयला धडा चाळीस डाव झाला. एकेचाळीसाव्या वक्ती सिंधूचा हात कनकीतून निघाला.

“सरका जी. बाईले बाईनं हात लावला तं काय होते?”

तिनं मॅडमच्या गालावर कनकीचं बोट टेकवलं. दुसरा धडा सुरू झाला. गोविंदानं निवांत भिंतीले पाठ लावली. तिसऱ्या धड्यात घोरून राहिला होता, टोपीसकट.

शनिवारी त्याची सुट्टी. पुढचे धडेबी असेच झाले. मॅडम बोले, सिंधू बोट लावे, गोविंदा घोरे. दुपारी जागा झाला तं मोबाइलवर गोल शिक्का, वर त्याचं नाव, खाली ‘वीसपैकी वीस’.

“हे काय वं?”

“परीक्षा. तुमी झोपले होते. मॅडम इचारत गेली, मी सांगत गेली.”

“मायी परीक्षा तू देल्ली?”

“मंग जाता का गोदामावर?”

त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात मधुसूदन साहेबाचा फोन. “गोविंदा, लेका! नव्वद गार्डात वीसपैकी वीस तूच एक! सोमवारी सकाळी हापिसात समद्यायसमोर उभा राहून समजावून सांग. मोठे साहेब येऊन राहिले.”

खरं सांगाले हाच टाइम होता. पन त्याची छातीच अशी फुगली, का खरं आतच अडकलं. “हाव साहेब. त्यात काय हाये!”

रविवारी तो म्हने, भजे पायजे, अन् आज मीच तळतो. सिंधू नळावर गेली. गोविंदानं कढई चढवली, गॅस मोठा केला अन् गावच्या भावाले फोन लावला. “वीसपैकी वीस! हाव! आग म्हनजे काय, मले इचार!”

मांगं आगच इचारून राहिली होती. कढईतून जाळ उठला. हा वाकून पाहाले गेला तं डाव्या बाजूची मिशी चुर्र झाली. मंग त्यानं पान्याची बादली उचलली.

“ठेवा खाली!”

सिंधू दारात उभी. असा आवाज तिनं लग्नाच्या बावीस वर्सांत काढला नव्हता. गोविंदानं बादली ठेवली, साहेबानं सांगतल्यासारखी. तिनं गॅस बंद केला, बाजूनं मोठी परात सरकवून कढई झाकली. जाळ बसला.

“पेटल्या तेलावर पानी टाकलं तं आग घरभर उडते. सातवा धडा.”

गोविंदा खाली बसला. म्हने, “तुले एवढं कसं ध्यानात राह्यलं वं?”

“सातवीत पयली आली होती मी. पुढची शाळा दूर होती, तं घरी बसवलं.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “पन तशी गोष्ट नाई जी. ते मॅडम थांबून इचारे, समजलं का म्हून. अन् वाट पाहे. मले आजलोक असं कोनं इचारलं नाई.”

गोविंदानं आठवून पाह्यलं. ‘ऐकू आलं का वं’ असं त्यानं तिले हजार डाव इचारलं होतं. ‘समजलं का’ एकदाबी नाई. राग याले पायजे होता, आला नाई.

“उद्या साहेबाले खरं सांगतो,” तो म्हने. “तू बोल, मी आग इझवाचं सिलिंडर धरून उभा राहीन.”

“खरं तं सांगाच. पन वर्दी तुमी घालता. गेटवर आग लागली तं मले बलावाले घरी याल का?”

तिनं मोबाइल पुसला अन् तांदळाच्या डब्याले टेकवला. सुरुची मॅडमनं पाच मिनिटं शिकवलं. थांबली. इचारलं. गालावर हिरवं बटन निघालं.

गोविंदानं मॅडमकडं पाह्यलं, सिंधूकडं पाह्यलं, उरलेल्या मिशीवर हात फिरवला.

“तूच लाव ना वं. तुले सवय हाये.”

“नाई. ते वीस मार्क माये हायेत. तुमचे तुमी कमवा. लावा बोट.”