राणीचा घोळ आणि हरिणीची पाठ

मुलांनो, एका जंगलात कायम धुकं असायचं. विलायतेतलं जंगल ते. तिथं ऊन म्हणजे सणासारखं, वर्षाकाठी एकदा यायचं. त्या जंगलाची राणी होती एक सिंहीण. तिचा झगा इतका लांब, की ती गुहेत पोचली तरी झगा अजून ओढ्यापाशीच.

झगा चिखलात लोळू नये म्हणून दरबारात खानदानी बायका ठेवलेल्या. त्यांतलीच एक हरिणी. तिला सगळे 'लेडी' म्हणायचे. काम एकच. राणीसाहेबांच्या झग्याचा घोळ तोंडात धरायचा नि मागे मागे चालायचं. बसायचं नाही, शिंकायचं नाही. तोंडात घोळ, म्हणजे बोलायचा प्रश्नच नाही.

एवढा मान मिळाल्यावर तान्हं पाडस स्वतः पाजणं काही शोभेना. थोरामोठ्यांत तशी रीतच नव्हती. मग पाडस घरी शेळीमावशीच्या ताब्यात दिलं.

पण हरिणी मुलखाची काळजीखोर. तोंडातला घोळ जरा सुटला, की कावळ्याकरवी निरोप. ढेकर दिला का? कान झाकलेत का? रडलं नसेल, तर का नाही रडलं? सर्दी होईल म्हणून घराच्या झुडपांच्या जाळीबाहेर तर तिनं त्याला पाऊलही टाकू दिलं नव्हतं.

"बाईसाहेब, ते मजेत आहे," कावळा म्हणायचा. "मलाच आता सर्दी झालीय."

एकदा तिनं धीर करून रजा मागितली. राणीसाहेबांनी मान डोलावली. पण दरबाराचा नियम होता, राणीसाहेबांना पाठ दाखवायची नाही. त्यांच्या नजरेआड होईपर्यंत उलट्या पावली जायचं. त्यांची गुहा टेकडीवर. तिथून धुक्यात हरिणीचं घर दिसत होतं की नाही, देव जाणे. हरिणीला मात्र वाटायचं, दिसतं.

म्हणून ती घरापर्यंत उलटीच आली, काट्याकुट्यांतून. आधी शेपूट पोचलं, मग बाकीची हरिणी.

जाळीतून पाडसानं विचारलं, "मावशी, हे काय आलं?"

"हे काय म्हणतोस? आई आहे तुझी."

पाडसानं पुन्हा नीट बघितलं. "आईला तोंड नसतं का?"

मान गेला तर जाऊ दे, हरिणी म्हणाली, आणि गर्रकन वळली.

पाडस किंचाळून शेळीमागे दडलं. "मावशी, ही बाई कोण? हिला घालव. माझी आई कुठं गेली?"

हरिणी घाईघाईनं परत वळली. पाडस लगेच गप्प झालं. "आली," असं म्हणून तिच्या शेपटीशी खेळू लागलं.

तेवढ्यात धुकं विरळ झालं. टेकडीवर राणीसाहेब गाढ झोपल्या होत्या, हिच्याकडे पाठ करून.

"बघा, कुणाचं लक्ष नाही," शेळीमावशी म्हणाली. "आता वळा नि बसा लेकरापाशी. रडेल थोडं, मग ओळखेल."

हरिणीनं खूप विचार केला. विचार करण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

"झोपल्यात खऱ्या," ती म्हणाली. "पण इतक्यात कूस बदलली तर?"

आणि ती टेकडीकडे चालू लागली.

पाडस जाळीतून तिच्याकडे बघत राहिलं. "मावशी," ते म्हणालं, "माझी आई जाताना किती छान दिसते."

तात्पर्य: मुलांनो, थोरांकडे कधीही पाठ फिरवू नये. ती घरच्यांसाठी राखून ठेवावी. त्यांना ती ओळखीची असते.