कपाळाची चौकशी

"पगार मिळतो ना बाई? मंग नवऱ्याची पेन्शन कशाला?" आबासाहेब कारकुनांनी अर्ज न वाचताच पेन्शन कचेरीच्या खिडकीतून परत सरकवला.

मुक्ताबाईंचं डोकंच फिरलं. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून त्या भिंगारहून नगरला आल्या होत्या. यजमानांनी लष्कराच्या डेपोत अठ्ठावीस वर्षं झिजून काढली, गेल्या श्रावणात डोळे मिटले, आणि हा गृहस्थ विचारतो, कशाला!

"पगार माझ्या कामाचा, पेन्शन त्यांच्या. नोकरीवाल्या बायकोला देऊ नये असा नियम दाखवा!"

आबासाहेबांनी जाडजूड पुस्तक काढलं. नियम सापडता तर त्यांना आनंदच झाला असता. तो सापडेना, तेव्हा त्यांची नजर मुक्ताबाईंच्या कपाळावर गेली.

"हे कुंकू कसं काय?"

"पांढरं कपाळ बघून दुसरीतल्या पोरी रडायला लागल्या. शाळेत जायचं, म्हणून लावते."

"आमाला काय ठावं? कुंकू हाय म्हंजी धनी हाय. दुसरं लगीन केलं न्हाई, असा दाखला आना."

वर्गातल्या साठ पोरींना एका शब्दात गप्प करणाऱ्या बाईंनी अर्ज खिडकीतच आपटला. पन्नाशीला लग्नाची चौकशी! तणतणत त्या व्हरांड्यात आल्या. तिथे महिन्याची पेन्शन घ्यायला आलेल्या दहा विधवा बाकांवर बसल्या होत्या. मुक्ताबाईंनी त्यांच्यापुढे सगळं भडाभडा ओकलं.

"बायको मेलेल्या पुरुषाचं कपाळ बघतं का हो कुणी?"

सत्तरीच्या छबूबाईंनी तोंडातलं पान थुंकलं. "मास्तरीनबाई, डबी हाय का जवळ?"

मुक्ताबाईंनी पिशवीतून कुंकवाची डबी काढली. छबूबाईंनी रुपयाएवढं कुंकू लावून घेतलं. ते बघून दुसरी पुढे झाली, मग तिसरी. एकीने पदराआड डोळे पुसले आणि मग तिनेही कपाळ पुढे केलं. थोड्याच वेळात खिडकीसमोर अकरा लालभडक कपाळांची रांग लागली.

"ह्यो काय तमाशा?" आबासाहेब ताडकन उठले.

"मागा आता अकराजणींचे दाखले," मुक्ताबाई म्हणाल्या. "नाहीतर मी साहेबांनाच विचारते, कपाळाचा नियम कुठल्या पानावर आहे."

आतून साहेबांचा खाकरण्याचा आवाज आला. आबासाहेब मटकन बसले. मुक्ताबाईंचा अर्ज ओढून त्यांनी धाडकन शिक्का मारला, आणि मान वर न करता बाकीच्या एकेकीच्या हातात पैसे ठेवू लागले.

मुक्ताबाई ताठ मानेने पायऱ्या उतरल्या, तोच मागून छबूबाईंचा खणखणीत आवाज आला.

"आरं मेल्या, मला कायबी न इचारता पैसं देतोस? त्या बाईला इचारलंस की! मला काय आता कुनी पसंत करनार न्हाई व्हय?"